दळण साडेदहानंतर

खोलीचे मालक भेटायच्या आधी मला त्यांचा फळा भेटला. जव्हारच्या पेठेमागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती, गिरणीच्या डोक्यावर माडीची एक खोली होती, आणि ती नव्याने बदली होऊन आलेल्या मास्तरला मिळेल असं मला शाळेत कळलं होतं. बॅग घेऊन पोचलो तर गिरणीचं दार अर्धं लोटलेलं. पायरीवर डबे आणि पिशव्या मांडून सात-आठ बायका बसलेल्या. दाराशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'सामना जादा डावात गेला आहे. दळण साडेदहानंतर.'

मी एका बाईंना विचारलं, कुठला सामना.

"अमेरिकेचा," त्या म्हणाल्या. अमेरिका विक्रमगडच्या जरा अलीकडे असावी अशा बेताने म्हणाल्या. "तिन्ही देवळं भरल्यात. आता उशीर व्हायाचाच."

आत डोकावलो. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, पांढऱ्या मिश्या, खांद्यावर मूळचा लाल असलेला पंचा, अशी एक व्यक्ती पत्र्याच्या डब्यावर बसली होती. समोर तराजूच्या पाच किलोच्या वजनाला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि त्यात पीठ जाऊ नये म्हणून तो दुधाच्या पिशवीत घातलेला. पिशवी धुतलेली होती, पण 'दूध ताजे' ही अक्षरं बरोब्बर पडद्यावर आली होती. ते मागे न बघता म्हणाले, "बसा मास्तर. दोन बाद आहेत." मी बसलो. पुढची दोन वर्षं मी डब्याशेजारच्या त्याच पोत्यावर बसलो, असं म्हटलं तरी चालेल.

सगळं जव्हार त्यांना काका म्हणत असे, मीही म्हणू लागलो. बेसबॉल त्यांच्या आयुष्यात पाय मोडल्यामुळे आला. गिरणीचा पट्टा चढवताना चौथऱ्यावरून पडले आणि तीन महिने खाटेवर होते. क्रिकेट बघायला मोबाइलवाले पैसे मागत. बेसबॉल मात्र फुकट दिसत होता, कारण आपल्याकडे तो फुकट दिला तरी कोणी बघत नव्हतं. काकांनी बघितला. पाय बरा झाला, किंचित आखूड झाला, आणि बेसबॉल राहिला.

आता एकट्याने बघण्यात काय मजा. हौसेला मोल नसतं, पण तिला कान लागतात. काकांना हे कान दळणाच्या रांगेत सापडले. दळण हातात पडेपर्यंत माणूस कुठे जाऊ शकत नाही. काका खाली सांडलेल्या पिठात बोटाने चौकट काढत आणि समजावत, "हे घर. इथून मारायचं आणि निघायचं. ही तीन देवळं. तिन्ही देवळांना पाय लावून परत घरी आलं की एक धाव. प्रदक्षिणाच समजा." गिरणीच्या, नाहीतर तिथल्या पंख्याच्या घरघरीत समालोचन ऐकू येत नसे, आणि आलं असतं तरी ते इंग्रजी. त्यामुळे काका तो खेळ डोळ्यांनी शिकले आणि उरलेला त्यांनी स्वतः बांधला. अमेरिकेतले खेळाडू सारखे काहीतरी चघळतात आणि थुंकतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा रांगेतल्या एका म्हाताऱ्याने प्रथमच त्या देशाबद्दल समाधान व्यक्त केलं.

मात्र काकांचा जीव मोठ्या खेळाडूंत नव्हता. "मोठे काय, मारणारच," म्हणायचे. "त्यात बघायचं काय? ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नाही तो मारतो का बघा." दर पाडव्याला, तिकडे हंगाम सुरू होतो त्याच सुमाराला, ते फळा ओल्या फडक्याने पुसत, वर 'अनपेक्षित' असं लिहीत आणि खाली तीन नावं. या वर्षी हे तिघं चमकणार. तिघंही असे निवडलेले की ज्यांना त्यांच्या आईनेही निवडलं नसतं. "दाणा वरून कळत नाही मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पीठ झाल्यावर कळतो."

मी येण्याआधीच्या तीन हंगामांत एकही दाणा कळला नव्हता. एकाचा खांदा पहिल्याच आठवड्यात निखळला. एकाने जूनमध्ये निवृत्ती घेतली. काकू म्हणायच्या, "यांनी फळ्यावर नाव लिहिलं की त्या पोराचं वाटोळं झालंच म्हणून समजा. त्यांच्या घरच्यांना कळलं तर येऊन पाय धरतील यांचे." काकूंना बेसबॉल आवडत नव्हता. त्यांचा एकच आक्षेप होता आणि तो त्या पिठाच्या चाळणीवर थाप मारत अधूनमधून सांगत. "यांचं सगळं दुसऱ्याचं. दुसऱ्याचं दळण, दुसऱ्याचा खेळ."

अमेरिकन नावं काकांच्या तोंडात बसत नसत. त्यांनी त्यांवर उपाय काढला, तो म्हणजे खेळाडूचा स्वभाव बघून त्याला आपल्या भागातल्या गावाचं नाव द्यायचं. माझ्या दुसऱ्या पाडव्याला फळ्यावर तीन नावं आली. सूर्यमाळ, जामसर, वांगणी.

जामसर हा पावसावरचा गडी. पडला तर चार दिवस धो धो, नाही तर पंधरा दिवस कोरडा. सूर्यमाळ हा उंच, ताडमाड फेकणारा. एप्रिलपर्यंत जोरात, मे उजाडला की आटला. हे नाव सूर्यमाळच्या एका गृहस्थांना लागलं. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ डोक्यावर घेताना ते शांतपणे म्हणाले, "शेट, आमच्याकडं पाणी आटतं. माणूस नाय आटत." काका खजील झाले. पुढे जुलैत तो उंच माणूस खरोखर पुन्हा वाहू लागला आणि ओळीने पाच सामने त्याने कोणाला बॅट लावू दिली नाही. तेव्हा काकांनी त्या गृहस्थांना बाजारात गाठून भर रस्त्यात हात जोडले. ते गृहस्थ भोपळे घेत होते. कशाबद्दल हात जोडले हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरा मुद्दा वांगणीचा.

वांगणी हा पस्तिशीला टेकलेला, दाढीवाला, थोडा वाकून चालणारा खेळाडू. दहा वर्षांत सात संघ फिरलेला. कोणी दुखापतीने बसला की याला बोलवायचं, तो बरा झाला की याला घालवायचं. पाडव्यानंतरच्या बाजाराला वांगणीहून देवराम आला. नागली आमच्याच जात्यावर बारीक होते म्हणून तो वावर गावाच्याही पुढून इतक्या लांब यायचा. त्याने फळ्यावर आपल्या गावाचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे का?"

काका म्हणाले, "पोटासाठी गावं बदलतो बिचारा. कोणी बोलवलं की बोचकं उचलून निघतो. पण काम चोख."

देवराम दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन वीटभट्टीवर जात असे आणि शिमग्याला परत येत असे. त्याने फळ्यावरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मंग तो आमचाच हाय."

"यंदा चमकणार बघ तो."

"आन् चमकला तं काय?"

रांगेत दहा माणसं होती. काकांना माणसं दिसली की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे. ते म्हणाले, "चमकला तर मी वांगणीला येईन आणि स्वतः खेळून दाखवीन. हातात बॅट घेऊन."

देवराम म्हणाला, "बेस." आणि पीठ घेऊन गेला. मागच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या चाळणी तशीच हातात घेऊन आत वळल्या.

दुपारी काका झोपल्यावर काकूंनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी काका जव्हारच्या क्रिकेट संघात होते. नऊ वर्षं होते, आणि नऊ वर्षं बारावे होते. पाणी न्यायचं, पॅड बांधून द्यायचे, धावा मोजायच्या. बॅट एकदाही हातात आली नाही. एकदा मोखाड्याशी सामना होता आणि एक गडी तापाने पडला. काकांनी स्वतःच्या पायाला पॅड बांधले. तेवढ्यात कप्तानाला रस्त्याने जाणारा, एसटी चुकलेला कोणी ओळखीचा दिसला, आणि त्याने त्याला हाक मारली. काकांनी पॅड सोडले आणि त्या माणसाच्या पायाला बांधून दिले.

"लग्नाच्या आधीची गोष्ट," काकू म्हणाल्या. "मला सांगितली ती लग्नानंतर वीस वर्षांनी. तीही तापात." मग चाळणी खाली ठेवून म्हणाल्या, "आता तो आखूड पाय घेऊन खेळायला जाणार म्हणे. परत हसं झालं तर मला नाही बघवायचं, मास्तर. तुमचा तो वांगणी काही न करो म्हणजे झालं."

म्हणजे घरात दोन पक्ष झाले. काका वांगणीच्या बाजूचे, काकू विरुद्ध, आणि मी जेवायला काकूंच्या पंगतीला असल्यामुळे तोंडदेखला तटस्थ.

मे महिन्यापर्यंत काकू जिंकत होत्या. वांगणी बाकावर बसून चघळत होता. मग त्यांच्या एका मोठ्या खेळाडूचा गुडघा गेला आणि वांगणीला आत बोलावलं. पहिल्या आठवड्यात त्याने दोन टोले कुंपणापार घातले. काका डब्यावरून उठले आणि उठल्याबरोबर पाय कळवळून परत बसले. फळ्यावर रोज एक ओळ येऊ लागली. 'वांगणी: आज दोनदा देवळात, एकदा घरी.' बाजारच्या दिवशी देवराम आधी फळा वाचायचा, मग डोक्यावरची नागली उतरवायचा. तो परत जाऊन काय सांगत होता कोण जाणे, पण पुढे पुढे त्याच्याबरोबर वांगणीची चार-पाच माणसं येऊ लागली आणि पिठात काढलेल्या चौकटीभोवती उकिडवी बसून खोदून खोदून विचारू लागली. फेकणारा किती पावलांवर? झेलणाऱ्याच्या हातात काय? काका खूश होऊन सांगत. झेलणाऱ्याचा हातमोजा कसा, तर सुपासारखा. फेकणाऱ्याचा हात कसा, तर लावणीच्या वेळी बांधावरून रोपाची मूठ चिखलात भिरकावतात तसा.

जुलैच्या शेवटी आफत आली. संघाने वांगणीला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. ही बातमी देवरामला कशी सांगावी म्हणून काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. सांगितली तेव्हा घसा साफ करून सांगितली.

देवरामला काहीच वाटलं नाही. "मुकादम बदलला," तो म्हणाला. "काम तं तेच हाय ना?"

काम तेच होतं. आणि गंमत अशी की हा नवा संघ कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो रखडत रखडत वर आला आणि दसरा उलटता उलटता थेट शेवटच्या फेरीत जाऊन बसला. काकूंनी देवापुढे दिवा लावताना कोणती बाजू घेतली ते मी विचारलं नाही.

शेवटचा सामना नेमका बाजारच्या सकाळी. गिरणी बंद, फळ्यावर नावांखाली एकच शब्द, 'आज.' गल्लीत ही गर्दी. त्यात वीज गेली. पंखा थांबला, सगळं शांत झालं आणि आम्हाला प्रथमच समालोचकाचा आवाज ऐकू आला. काकांना तो अजिबात आवडला नाही. "किती बडबडतो," ते म्हणाले, आणि त्यांनी आवाज बंद केला.

बरोबरी होती. शेवटच्या डावात एक गडी बाद, तिसऱ्या देवळात एक माणूस उभा, आणि वांगणीला मारायला पाठवलं. देवराम पुढे सरकला. दुधाच्या पिशवीतून तीस-चाळीस माणसं बघत होती. फेकणाऱ्याने फेकलं. वांगणीने बॅट फिरवलीच नाही. चेंडूला नुसती टेकवली. चेंडू दोन पावलांवर मेल्यासारखा पडला, वांगणी पहिल्या देवळाकडे पळता पळता बाद झाला, आणि तेवढ्या वेळात तिसऱ्या देवळातला माणूस घरी पोचला. सामना संपला. वांगणीचा संघ जिंकला.

गल्लीत कोणाला काही कळेना. काकांनी समजावलं, तो मुद्दाम बाद झाला. स्वतःचा बळी दिला.

देवराम सावकाश म्हणाला, "आपून मेला, पन दुसऱ्याला घरी पोचवला." मग काकांकडे वळून, "शेट, कदी येता वांगणीला?"

इथे काका डळमळले, हे मी लपवणार नाही. इतके महिने वांगणीसाठी जीव टाकणारा माणूस एकदम काटेकोर झाला. म्हणाले, "तसं बघितलं तर तो बाद झाला. चमकला असं नाही म्हणता येणार."

"घरी कोन पोचवला मंग?"

काका पंचा झटकू लागले. देवरामने आवाज न चढवता सांगितलं, "दिवाळीनंतर आमी भट्टीवर जाऊ. त्याच्या आधी या. बाकी समदी तयारी झालेली हाय." आणि तो नागली तशीच घेऊन गेला. वीज आलीच नव्हती.

तयारी म्हणजे काय हे आम्हाला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वांगणीला पोचल्यावर कळलं. जीपने गेलो. वावरनंतर रस्त्याने आम्हाला जमेल तेवढं हलवलं. काकूही आल्या होत्या. "पडले तर उचलायला कोणी नको का," म्हणाल्या. काका वाटभर मला नियम सांगत होते. ते मला पाठ होते आणि त्यांना माझ्याहून पाठ होते, म्हणजे भीती वाटत होती.

भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात सगळं गाव जमलं होतं. कोपऱ्यांत पेंढा भरलेली चार पोती, हे घर आणि ही देवळं. शिवणीच्या लाकडाची तासून केलेली बॅट. झेलणारा हातात खरोखरीचं सूप घेऊन बसलेला. फेकायला देवरामची बायको, काशी. पदर खोचून ती उभी राहिली आणि बांधावरून रोपाची मूठ टाकावी तसा तिने चेंडू टाकला तो सुपात जाऊन थडकला. बाया-बापे सगळेच खेळत होते. यांतल्या बहुतेकांनी हा खेळ कधी बघितला नव्हता. काकांच्या पिठातल्या चौकटीवरून त्यांनी तो उभा केला होता.  काका तर चष्मा पुसत होते, आणि पंचा पिठाचा असल्यामुळे चष्मा आणखी पांढरा होत होता.

मग एकाने टोला मारला आणि तो डावीकडे पळाला.

काकांनी माझा दंड धरला. "उलटा," ते कुजबुजले. दुसरा आला, तोही डावीकडे. काशीने मारलं, तीही डावीकडे. सगळी वांगणी घरापासून डावा कोपरा धरून फिरत होती, आणि अमेरिका, काकांनी पाच हंगाम डोळ्यांत तेल घालून बघितलेली, उजव्या कोपऱ्याने फिरते. काका सांगायला उठणार तेवढ्यात देवराम बॅट घेऊन समोर आला. "शेट, तुमी."

काका उभे राहिले. काकू बांधावर तोंड फिरवून बसल्या. पहिला चेंडू सुपात. दुसराही सुपात, आणि काका स्वतःभोवती एक गिरकी घेऊन उभे. कोणी हसलं नाही. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदर दातात धरला होता आणि त्या बघत होत्या.

तिसरा लागला. नीट लागला. चेंडू बांधावरून पलीकडच्या नागलीत गेला, आणि काका सवयीने, म्हणजे डोळ्यांच्या सवयीने, उजवीकडे सुटले. "इकडं नाय, तिकडं," असा एकच गलका झाला. काकांना ऐकू आलं नसावं. आखूड पाय ओढत ते पोत्यावर पोचले आणि हात वर करून उभे राहिले.

देवराम जवळ गेला. "शेट, हे शेवटचं देऊळ."

"अरे, हेच पहिलं."

"तुमीच सांगितलंत ना, परदक्षिना. देव उजव्या हाताला ठेवायाचा." देवरामला काकांची चूक काढायची नव्हती. तो खरंच गोंधळला होता. "उलटी कोन घालतो?"

काकांनी पोत्यावरचा पाय काढला नाही. नियमासाठी दळण थांबवणारा माणूस. मी मनात म्हटलं, झालं, आता इथे शाळा भरणार. त्यांनी खाचराकडे बघितलं, पोत्यांकडे, सुपाकडे, काशीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझंच चुकलं." आणि लंगडत घरी परत आले, तिथे पाय टेकवला, आणि डावीकडून पहिल्यापासून निघाले.

चेंडू तोवर केव्हाच काशीच्या हातात आला होता. काका पहिल्या देवळाशी असताना ती तो पदराला पुसत होती. दुसऱ्याशी असताना तिने बुचडा सोडून पुन्हा बांधला. तिसऱ्याशी काका गुडघ्यावर हात ठेवून थांबले, तेव्हा तीही थांबली आणि चेंडूवरचं गवत एकेक काडी करून काढू लागली. काका घरी पोचले. वांगणीने एक धाव मोजली. परतताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "मास्तर, चेंडू एवढा वेळ कुठे होता?" मी म्हटलं, "नागलीत. सापडतच नव्हता." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मला खोटं बोलताना इतका आनंद पुन्हा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरलो तर बायका डबे घेऊन फळ्यासमोर उभ्या होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. फळ्यावर 'अनपेक्षित' या शब्दाखाली तीन नावं होती तशीच होती. त्यांच्याखाली चौथी ओळ आली होती. अक्षर वाटोळं, हात लिहिण्याच्या सवयीचा नसलेला. काकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं आणि फळ्यावरही घेतलं नाही. 'आमचे हे,' एवढंच लिहिलं होतं.

काका बाहेर आले. त्यांनी ते वाचलं. मग आत जाऊन गिरणी सुरू केली आणि साडेदहाच्या आत सगळी रांग दळून संपवली.

पुढच्या पाडव्याला, माझी बदली व्हायच्या थोडंच आधी, मी त्यांना फळा पुसताना बघितलं. ओला फडका घेऊन त्यांनी वरची तिन्ही नावं पुसली आणि नवीन तीन लिहिली. काकूंच्या ओळीशी आल्यावर हात थांबवला, आणि फडका पिळून खुंटीला टांगला.